‘बार’ नक्की किती? वकिलांचा, दारूचा, सळईचा आणि हवेच्या दाबाचा

मुद्रितशोधक_नारायणपेठ

नमस्कार मंडळी. प्रेशर व्हेसल (आत दाब सोसणारी बंद टाकी) बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माहितीपुस्तिकेचं मराठी प्रूफ तपासतोय. मूळ मजकूर इंग्रजी. त्यात ‘बार’ हा एवढासा शब्द पानोपानी येतो आणि दर वेळी वेगळ्या वेषात. चाचणीच्या प्रकरणात तो दाबाचं एकक आहे, पायाच्या बांधकामात लोखंडी सळई, गुणवत्तेच्या पानावर आलेखातला स्तंभ, मागच्या कव्हरवर बारकोड, आणि कराराच्या अटींत ‘सहा महिन्यांनंतर दाव्यास बार येईल’ असं काहीतरी. अनुवादकाने बार म्हणजे दांडा असं एकदा ठरवलं आणि सरसकट लावून दिलं. त्यामुळे ‘व्हेसलची चाचणी १३ दांडा दाबाने घ्यावी’ असं वाक्य छपाईच्या उंबरठ्यावर उभं आहे.

प्रश्न असे: हे सगळे बार मुळात एकच आहेत का? कुठे मराठी शब्द घालायचा आणि कुठे बार तसाच ठेवायचा? बंदुकीचा बार, लग्नाचा बार याच्याशी काही नातं? आणि वकिलांचा बार म्हणजे ‘ब्रिटिश ॲक्रेडिटेशन रजिस्ट्री’ची आद्याक्षरं, असं एक व्हॉट्सॲपवर फिरतंय, त्यात तथ्य आहे का?

शब्दखोदाई

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण ते लवकर संपेल. तथ्य शून्य. कोर्टातला बार हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची खोड प्रामुख्याने विसाव्या शतकातली. जुन्या, रोजच्या वापरातल्या छोट्या शब्दाचा कोणी असा ‘फुल फॉर्म’ सांगू लागला की खुशाल पुढे सरकावं.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीत दिसायला एक असलेले बार मुळात दोन आहेत, आणि मराठीत आधीपासून बसलेला बार तिसरा.

पहिला जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे लॅटिनमधला ‘बार्रा’. त्यापलीकडच्या मुळाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. इंग्रजीत तो बाराव्या शतकाच्या अखेरीस दिसतो आणि तेव्हाचा अर्थ अगदी घरगुती आहे: दार आतून बंद करायला आडवा घालतात तो दांडा. आपल्या वाड्यांच्या दरवाजांना असायचा तो अडसर. पुढचे बहुतेक सगळे अर्थ या अडसराचेच, फक्त त्याला दोन फांद्या फुटल्या. एका फांदीने अडसराचं काम उचललं, म्हणजे अडवणं. दुसरीने त्याचा आकार उचलला, म्हणजे लांबट, सरळ, सडसडीत.

कामाच्या फांदीवर कोर्टातला कठडा बसतो, तसाच दारूच्या गुत्त्यातला कठडाही. गिऱ्हाईक अलीकडे, पिंपं आणि पैशाची पेटी पलीकडे, आणि मध्ये जो ओटा तो बार. हा अर्थ सोळाव्या शतकाच्या शेवटी येतो. आधी ओट्याचं नाव, मग ओटा असलेल्या खोलीचं, मग अख्ख्या दुकानाचं. (आपल्याकडे तर पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं आणि लोक बारच म्हणतात.) खाडीच्या तोंडाशी गाळ साचून बोटींची वाट अडवणारा वाळूचा उंचवटा हाही बार. बॅरियर, एखाद्याला ‘डीबार’ करणं, व्यापारावरचा एम्बार्गो हीही याच घरातली मंडळी. बॅरिकेडचा रस्ता थोडा वेगळा. ते फ्रेंचमधल्या पिंपाच्या शब्दावरून आलं, कारण पॅरिसमध्ये रस्ते अडवायला मातीने भरलेली पिंपं लावत. गणपतीत लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी लागतं ते लोखंडी असलं तरी मूळ हे.

आकाराच्या फांदीवर लोखंडाची सळई, साबणाची वडी, चॉकलेट, सोन्याची लगड, स्तंभालेखातला स्तंभ, संगणकावरची स्क्रोल बार. इथे कोणी कोणाला अडवत नाही. पक्ष्यांच्या नावातला बार हा नुसता पट्टा असतो. भिगवणला हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकादंबाच्या इंग्रजी नावात जो बार आहे, तो त्याच्या पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांचा. मराठी नाव ठेवणाऱ्याने ‘पट्ट’ बरोबर पकडलाय. पाश्चात्त्य संगीतात मात्र एक गंमत झाली. बार ही मुळात स्वरलिपीतली उभी रेघ. कालांतराने दोन रेघांच्या मधल्या मजकुरालाच बार म्हणू लागले, त्यामुळे आज वादक ‘चार बारचा पीस’ म्हणतो तेव्हा तो रेघा मोजत नसतो, घरं मोजत असतो.

दुसरा बार दाबाचा. तो ग्रीक ‘बारोस’वरून, म्हणजे वजन, भार. त्याचा अडसराशी काडीचा संबंध नाही. बॅरोमीटर, आयसोबार म्हणजे समदाब रेषा, बेरियम, आणि जड आवाजाचा गायक तो बॅरिटोन, हे सगळे याचे सख्खे. ग्रीकमध्ये ‘जड’ला ‘बारुस’ म्हणतात, आणि हा बारुस आपल्या ‘गुरु’चा भाऊ आहे. गुरु म्हणजे मुळात जड, लघूच्या उलट. लॅटिनमधला ‘ग्राविस’, ज्यावरून ग्रॅव्हिटी आली, तो तिसरा भाऊ. म्हणजे टायरमध्ये हवा भरताना जो बार बघता तो गुरुत्वाकर्षणाच्या कुळातला, आणि हवा भरून झाल्यावर ज्या बारमध्ये जाल तो अडसराच्या.

तिसरा फारसी. फारसीत बार म्हणजे ओझं. हा आपल्या भाराचा आणि इंग्रजीतल्या ‘वाहणे’ अर्थाच्या ‘बेअर’ क्रियापदाचा नातेवाईक. बारदान इथूनच, म्हणजे माल भरायची गोणी-पोती. बंदुकीत जे भरायचं तोही बार, म्हणून ‘बार भरणे’, आणि भरलेलं उडतं म्हणून ‘बार उडवणे’. लग्नाचा बार उडतो तो याच वाटेने, आणि तंबाखूचा बार भरला जातो तोही. ग्रीक बारोस म्हणजे भार आणि फारसी बार म्हणजेही भार, उच्चारही जवळचे, तरी मुळं वेगळी. ग्रीकचा ‘ब’ हा जुन्या ‘ग’च्या जागी आला, तर फारसीचा ‘ब’ जुन्या ‘भ’च्या जागी. नुसत्या आवाजावरून नाती जुळवणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.

तुमच्या कामासाठी युक्ती सोपी आहे. वाक्यातला बार काय करतोय ते विचारा. अडवत असेल तर ‘मनाई, अडथळा, बाधा’. नुसता लांबट असेल तर ज्या वस्तूचा आहे तिचं प्रचलित नाव: सळई, स्तंभ, पट्टा, वडी. मागे आकडा असेल आणि दाब, हवा, वाफ असले शब्द शेजारी असतील तर ते एकक आहे. तिथे भाषांतराचा हात लावायचा नाही.

फिल्टरकॉफी

मग बरिस्ता आणि बॅरिस्टर हेही भाऊच म्हणायचे की!

शब्दखोदाई

चुलत. बॅरिस्टर हा इंग्रजीतच घडला, बारला ‘स्टर’ जोडून. बरिस्ता इटालियन आहे, पण इटालियनने दारूच्या अर्थाचा ‘बार’ इंग्रजीकडून उसना घेतला आणि त्याला आपला ‘इस्ता’ लावला. फ्रेंचांनीही पिण्याचा बार इंग्रजीतूनच परत नेला. त्यांचाच माल, प्रवास करून घरी.

ॲड_शिवाजीनगर

कोर्टाच्या बाराबद्दल थोडं, आणि तुमच्या त्या कराराच्या अटीबद्दल जास्त, कारण तिथे नुसती भाषेची चूक नाहीये.

न्यायाधीशांचा भाग आणि इतरांचा भाग यांत जो कठडा असतो तो बार. लंडनच्या चार इन्समध्येही, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या जुन्या संस्थांमध्येही, असाच कठडा होता. ज्येष्ठ मंडळी आत, विद्यार्थी बाहेर. शिक्षण पूर्ण झाल्यावर ‘बारकडे बोलावणं’ येई, तो झाला बॅरिस्टर. गांधीजींना हे बोलावणं १८९१ मध्ये इनर टेंपलमधून आलं. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर हेही बॅरिस्टर. आता आपल्याकडे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली सनद मिळते ती ‘ॲडव्होकेट’ म्हणून. ‘बार’ मात्र समूहवाचक होऊन राहिला: बार कौन्सिल, बार असोसिएशन, बार रूम. वकील म्हणजे बार, न्यायाधीश म्हणजे बेंच. एक कठड्यावरून, दुसरा बसायच्या बाकावरून. यांना मराठी करायला जाऊ नका. ‘वकील संघ’ चालतो, पण नोंदणीकृत नाव असेल तर जसंच्या तसं.

आता ‘दाव्यास बार’. मुदत संपल्यामुळे दावा चालत नाही असं म्हणायचं असेल तर कोर्टातला रुळलेला शब्द ‘मुदतबाह्य’. ‘दावा मुदतबाह्य ठरेल’ लिहा, बार नको. दुसऱ्या कारणाने, म्हणजे त्याच वादाचा निकाल आधीच लागलाय वगैरे, असेल तर ‘दाव्यास कायद्याची बाधा येते’.

पण सहा महिने? मुदत कायदा १९६३ प्रमाणे करारातून येणाऱ्या पैशाच्या दाव्यांना साधारणपणे ३ वर्षं मिळतात. ही मुदत करारात लिहून कमी करता येत नाही. करार कायद्याचं कलम २८ तसं कलम रद्दबातल ठरवतं. १९९७ च्या दुरुस्तीनंतर ‘अमुक काळाने हक्कच संपेल’ अशी शब्दरचनाही त्याच कक्षेत आली. बँक गॅरंटीला वेगळा अपवाद आहे, तो इथे लागू नाही. ‘सहा महिन्यांत दोष कळवला तरच वॉरंटी’ ही गोष्ट वेगळी. ती वॉरंटीची व्याप्ती झाली, दाव्याची मुदत नव्हे. मूळ इंग्रजीत नेमकं काय आहे ते पाहा आणि कारखान्याच्या वकिलाला दाखवा. प्रूफ तपासणाऱ्याने आपल्या मनाने दुरुस्त करायची ही जागा नाही.

जाता जाता, अडसराची उपमा इथे कायद्यालाही चपखल बसते. मुदत संपली की कर्ज नाहीसं होत नाही, फक्त कोर्टाचं दार लागतं. म्हणून मुदतबाह्य कर्ज फेडायचं लेखी, सही केलेलं वचन करार कायद्याच्या कलम २५ च्या पोटकलम ३ खाली वैध करार ठरतो. ताबा मागण्याच्या दाव्यात मात्र मुदत कायद्याचं कलम २७ हक्कच संपवतं. आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तरी कलम ३ मुळे कोर्टाला तो स्वतःहून बघावा लागतो, त्यामुळे गप्प राहून निभत नाही.

सेवापुस्तक_७८

एक बार सगळे विसरले. सरकारी नोकरीतल्या जुन्या वेतनश्रेणीत ‘ईबी’ असायचा, म्हणजे एफिशियन्सी बार. उदाहरणार्थ २२००-७५-२८००-ईबी-१००-४०००. वाचायची पद्धत अशी: २२०० पासून वर्षाला ७५ ची वाढ, २८०० वर पोचलात की अडसर. तिथे सक्षम अधिकाऱ्याने गोपनीय अहवाल बघून ‘पार करण्यास हरकत नाही’ असा आदेश काढल्याशिवाय पुढची १०० ची वाढ सुरू होत नसे. मराठीत याला ‘दक्षतारोध’ म्हणत. शासकीय परिभाषेतल्या नेमक्या शब्दांपैकी एक. पाचव्या वेतन आयोगाच्या श्रेणींत तो गेला. जुनी सेवापुस्तकं तपासताना दक्षतारोधाचा आदेश चिकटवलेला नसेल तर वेतननिश्चितीत घोळ दिसतो, आणि तो निवृत्तिवेतनापर्यंत जातो.

भोसरी_गेजवाला

‘१३ दांडा’ वाचून चहा सांडला. पण या पुस्तिकेत दांड्यापेक्षा मोठी चूक वेगळीच असू शकते, ती आधी तपासा.

१ बार म्हणजे १,००,००० पास्कल. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे एकक रुजवलं. ते एसआय पद्धतीतलं नाही, पण पास्कल इतका बारीक आहे की कारखान्यात कोणी त्यात बोलत नाही. रूपांतरं: १ बार = १४.५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) = १.०२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर = सुमारे १०.२ मीटर पाण्याचा स्तंभ. जुने फोरमन ‘सात किलो प्रेशर’ म्हणतात ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर. बारशी फरक जेमतेम २ टक्के, म्हणून कंप्रेसरच्या हवेला चालून जातं. चाचणीच्या प्रमाणपत्रावर चालत नाही. गाडीच्या दारावर २.२ बार लिहिलंय आणि हवावाला ३२ भरतो, ते दोन्ही एकच. त्याचे ३२ म्हणजे पीएसआय. पण टायर थंड असताना. लांब चालवून आलेल्या गाडीचा दाब वाढलेला असतो, तेव्हा ‘जास्त आहे’ म्हणून हवा सोडली की सकाळी टायर बसलेला.

खरी गोची गेज आणि ॲब्सोल्यूटची. ‘बार-जी’ म्हणजे बाहेरच्या हवेच्या वर किती, ‘बार-ए’ म्हणजे निर्वातापासून मोजून किती. मूळ मजकुरात बारच्या पुढे बारीक ‘जी’ किंवा ‘ए’ असतं आणि मराठी टाइपसेटिंगमध्ये ते हमखास गळतं. वाफेत हे लगेच अंगाशी येतं. ७ बार-जी संपृक्त वाफेचं तापमान १७० अंश सेल्सिअस. तेच ७ बार-ए धरलं तर १६५. कुकरमध्ये आत साधारण १ बार-जी असतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, १ बार-ए असता तर भात नेहमीसारखाच शिजला असता.

चाचणीचा आकडाही जुळवून बघा. एएसएमई सेक्शन ८ डिव्हिजन १ (प्रेशर व्हेसलसाठीची अमेरिकी संहिता) प्रमाणे पाण्याची चाचणी कमाल कार्यदाबाच्या १.३ पट, वर तापमानाची दुरुस्ती. म्हणजे १३ बार-जी चाचणी असेल तर व्हेसल १० बार-जीचं असायला हवं. नेमप्लेटच्या चित्रावर दुसराच आकडा असेल तर प्रश्न विचारा. चाचणीच्या गेजचा पल्ला चाचणीदाबाच्या साधारण दुप्पट, दीडपटीपेक्षा कमी नाही आणि चौपटीपेक्षा जास्त नाही. १३ साठी ० ते २५ ची डायल बरोबर. ० ते १०० ची लावली तर काटा खालच्या कोपऱ्यात वळवळतो आणि अर्धा बार गळतीने उतरला तरी दिसत नाही. चाचणी पाण्याने घेतात कारण पाणी दबत नाही. वेल्ड फुटलाच तर दाब क्षणात उतरतो. हवेने घेतली आणि फुटला तर व्हेसलचा बॉम्ब होतो. आणि भरताना वरचा व्हेंट उघडा ठेवून सगळी हवा बाहेर काढा. आत हवेचा फुगा राहिला तर पाणी वापरून उपयोग काय?

आता पुण्याची खास बाब. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, त्यामुळे इथे बाहेरच्या हवेचाच दाब ०.९५ बारच्या आसपास असतो, म्हणजे ९४८-९५० मिलिबार. प्रमाण वातावरणाचे १०१३ नव्हेत. फोनमधलं बॅरोमीटरचं ॲप ९४८ दाखवतं तेव्हा सेन्सर बिघडलेला नसतो. हवामान खात्याच्या नकाशावरच्या समदाब रेषा समुद्रसपाटीला आणून काढलेल्या असतात, म्हणून तिथे आकडे वेगळे. याचा कारखान्यातला परिणाम असा की चाकण-भोसरीत कितीही चांगला व्हॅक्यूम पंप लावा, गेजवर उणे ०.९५ च्या खाली काटा जाणार नाही. मुळात बाहेरच्या हवेचा दाबच तेवढा आहे. पंप मुंबईच्या किंवा युरोपातल्या आकड्याने तपासून ‘पंप कमजोर’ म्हणून परत पाठवणारे भेटतात. उलट गेज पुण्यात उणे १ दाखवत असेल तर गेजच बिघडलंय.

लिहिताना: एकक असलेल्या बारचं अनेकवचन करू नका. ‘१३ बार दाब’, ‘१३ बारला’. ‘बारांचा दाब’ नको. ‘जी’ आणि ‘ए’ जोडरेघेने बारला चिकटवा, म्हणजे ओळ तुटताना गळणार नाहीत.

फिल्टरकॉफी

म्हणजे एस्प्रेसो मशीनवर ९ बारने कॉफी काढणारा बरिस्ता एकाच वेळी दोन्ही बार सांभाळतो!

भोसरी_गेजवाला

हो, आणि ते ९ बार-जी असतात.

साइटवर_धूळ

सळईबद्दल मोजकं. साइटवर ‘१२ चा बार’ म्हणतात, कागदावर ‘१२ मिमी व्यासाची सळई’ लिहा. ‘गज’ म्हटलं की वाचणाऱ्याला खिडकीचे गज आठवतात, तो टाळा. वजन: व्यासाचा वर्ग भागिले १६२ बरोबर किलो प्रति मीटर. १२ मिमी म्हणजे १४४ भागिले १६२, ०.८९ किलो. पूर्ण १२ मीटरची सळई १०.६७ किलो. पोलादाची घनता ७८५० घेऊन गोल छेदाचं वजन काढलं की हा १६२ येतो, काही जादू नाही. आयएस १७८६ (सळईचं भारतीय मानक) प्रमाणे लॉटच्या वजनात १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ पर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड असेल तर ३ टक्के फरक चालतो. माल नगावर घेतला आणि वजन केलं नाही, तर या सवलतीच्या तळाशी असलेला लॉट तुमच्या माथी येतो. एफई ५०० डी या सळईच्या प्रतीतला ‘डी’ म्हणजे तन्यता जास्त. तो मराठीत गाळू नका, भूकंपरोधक डिझाइनमध्ये तो महत्त्वाचा असतो. ‘बार बेंडिंग शेड्यूल’ला ‘सळई वाकवणी तक्ता’ म्हणता येईल, पण साइटवर बीबीएसच म्हणतात, तेच लिहा.

छपाई_शनिवारपेठ

कव्हरवरच्या बारकोडबद्दल, कारण छापून झाल्यावर कळलं तर कव्हर रद्दीत जातं.

दुकानातल्या मालाचा बारकोड पहिल्यांदा २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, च्युइंग गमच्या पाकिटावर वाचला गेला. माहिती काळ्या पट्ट्यांत असते तितकीच मधल्या पांढऱ्या फटींतही असते. मशीन रुंद्या मोजतं, उंचीला अर्थ नाही. उंची ठेवायची ती वाकडं धरलं तरी प्रकाश सगळ्या पट्ट्यांवरून जावा म्हणून.

१३ आकडी कोडचा शेवटचा आकडा पडताळणीचा. डावीकडून विषम जागांचे आकडे तसेच, सम जागांचे तिप्पट, बेरीज करा, पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जे उणं ते शेवटचा आकडा. ८९०१२३४५६७८९ घ्या: विषम जागा ८, ०, २, ४, ६, ८ मिळून २८. सम जागा ९, १, ३, ५, ७, ९ मिळून ३४, त्याचे तिप्पट १०२. एकूण १३०. म्हणून शेवटचा ०. एक आकडा चुकला तर हे नक्की पकडतं. शेजारचे दोन उलटले तर बहुतेक वेळा पकडतं, पण त्यांच्यात ५ चा फरक असेल, जसं १ आणि ६, तर निसटतं. ८९० ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘भारतात बनलेलं’ नव्हे. क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतलाय इतकंच.

छपाईत नडतं ते असं. मूळ माप बाजूच्या मोकळ्या जागेसकट ३७.२९ बाय २५.९३ मिमी, ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ सर्वांत बारीक पट्ट्यांइतकी जागा कोरी हवी. डिझायनर तिथे बॉर्डर घालतो आणि कोड वाचला जात नाही. लाल किंवा केशरी पट्टे तर कधीच नकोत. बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्यात लाल शाई पांढऱ्यासारखीच दिसते. काळ्यावर पांढरे पट्टेही नाहीत. आणि काळा एकाच प्लेटचा ठेवा. चार रंग मिसळून काढलेला काळा रजिस्ट्रेशन (प्लेटांची जुळणी) किंचित हललं की कडेला पसरतो.

मुद्रितशोधक_नारायणपेठ

सगळ्यांचे आभार. बार-जी खरोखरच गळालंय, मूळ पीडीएफमध्ये आहे. कराराचं कलम कारखान्याकडे पाठवतोय. आता शेवटचा अडसर: गुणवत्तेच्या पानावर एक्सच्या डोक्यावर आडवी रेघ आहे आणि शीर्षक ‘एक्स-मद्यालय व आर तक्ता’. हा कुठला बार? (हे भाषांतर अनुवादकाचं नसावं, सॉफ्टवेअरचं वाटतं.)

भोसरी_गेजवाला

एक्स-बार आर चार्ट. इथे बार म्हणजे अक्षरावरची ती रेघ, म्हणजे पुन्हा आकाराचीच फांदी. सांख्यिकीत रेघ म्हणजे सरासरी. आर म्हणजे रेंज, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक.

ठरावीक वेळाने सलग ५ नग मोजायचे. समजा बोअर (भोकाचा व्यास) २५.०१, २५.०३, २४.९९, २५.०२, २५.०० मिमी. सरासरी २५.०१, रेंज ०.०४. असे २०-२५ गट झाले की सरासऱ्यांची सरासरी काढायची, तिच्या एक्सवर दोन रेघा येतात, म्हणून ‘एक्स डबल बार’. ५ च्या गटाला गुणांक ०.५७७, त्याने सरासरी रेंजला गुणायचं. सरासऱ्यांची सरासरी २५.०१ आणि सरासरी रेंज ०.०४ असेल तर नियंत्रण मर्यादा २५.०१ अधिक-उणे ०.०२३, म्हणजे २४.९८७ ते २५.०३३. रेंजची वरची मर्यादा सरासरी रेंजच्या २.११४ पट, इथे ०.०८५.

पुस्तिकेतल्या नमुना तक्त्यावर ड्रॉइंगचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) याच रेघांच्या जागी काढलेला नाही ना ते बघा. फार ठिकाणी काढतात. पाचांची सरासरी सुट्या नगापेक्षा कमी हलते, त्यामुळे सरासरी टॉलरन्सच्या आत आरामात बसते आणि एखादा नग बाहेर गेलेला दिसतच नाही. मथळा ‘एक्स-बार व आर तक्ता’ ठेवा आणि खाली एकदा ‘सरासरी व विस्तार’ असं द्या. एक्सवरची रेघ युनिकोडमध्ये वेगळं चिन्ह म्हणून जोडलेली असते आणि फाँट बदलला की सरकते, तेव्हा छापायला देण्याआधी त्या पानाची पीडीएफ मोठी करून बघा.